कानाशी बोललेलं

स्टुडिओत त्याला सगळे मीटर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. माणसं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, हा पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघायचा. काचेपलीकडचा माणूस गहिवरून वाचतोय की जांभया देत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पट्टी पिवळी झाली की कपाळाला आठी, लालला शिवली की हात वर. "लाल झालं. पुन्हा घ्या." एवढं म्हणून तो परत पट्टीकडे वळायचा.

काम काही मोठ्या मानाचं नव्हतं. लिफ्टमधल्या सूचना, टेलिफोनवर ताटकळणाऱ्यांची समजूत घालणारी वाक्यं, अभ्यासाचे धडे, अधूनमधून एखादं बोलकं पुस्तक. वाचणारे दहा तऱ्हेचे. कुणी भांडायला उठल्यासारखं वाचणार, कुणी देवाशी बोलल्यासारखं पुटपुटणार. मीटरनं त्या सगळ्यांना एका मापात बसवायचं. त्यासाठी त्यानं संगणकात एक साखळी बांधून ठेवली होती. पहिला दरवान: ठरलेल्या मर्यादेपेक्षा बारीक आवाज असेल, मग तो पंख्याचा असो की श्वासाचा, त्याला आत सोडायचं नाही, तिथं निखळ शांतता घालायची. मग दाबणारा: जो चढेल त्याला खाली दाबायचं. मग सगळ्यांना वर उचलून एका उंचीवर उभं करायचं आणि डोक्यावर झाकण लावायचं. सब घोडे बारा टक्के. बटण दाबलं की ढीगभर फाइली या साखळीतून जायच्या आणि जुन्यांच्या जागी, जुन्यांच्याच नावानं, नव्या येऊन बसायच्या. दोन-दोन प्रती ठेवल्या तर मालक करवादत, जागा काय तुझ्या बापाची आहे का म्हणत, म्हणून ही सवय. एकच नियम तो कधी मोडत नसे. ऐकल्याशिवाय फाइल बाहेर जाऊ द्यायची नाही.

बापाचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं. मीटरच्या लहानपणी घरात आवाज असा एकच होता, वडिलांचा. ते चिडले की फळीवरची भांडी वाजत, आणि ते चिडायला कारण लागत नसे. त्यांची पावलं जिन्यावर वाजली की घरातलं बोलणं एकदम खाली पडायचं. आई आणि ताई तेव्हाच एकमेकींच्या कानाला लागून बोलायला शिकल्या. ओठ अगदी कानाच्या पाळीशी, आणि आवाज इतका बारीक की शेजारी बसलेल्या धाकट्यालाही काही कळू नये. त्याला वाटायचं, बायकांचं काहीतरी असेल. पुढे वडील गेले, पण त्या दोघींची कुजबुज काही गेली नाही. सवय माणसापेक्षा जास्त जगते. मीटरनं पहिल्यांदा स्टुडिओत ती लाल रेषा पाहिली आणि हिच्यापुढे जायची कुणाची टाप नाही असं त्याला कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्याला हे काम एकदम आवडून गेलं. का आवडलं, हा विचार त्यानं केला नाही. तसा तो विचार करणाऱ्यातला नव्हताच.

आणि गंमत पाहा, जगाचे आवाज मापात बसवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज मात्र वाढत गेला होता. दिवसभर कानांवर हेडफोन, त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा पत्ताच नाही. शिवाय चाल, शिंक आणि आवाज या तिन्ही गोष्टी त्यानं वडिलांकडून जशाच्या तशा उचलल्या होत्या. त्याचं लग्न झालं होतं. "तू चहा मागतोस तेव्हाही मला वाटतं, माझं काहीतरी चुकलंय," असं म्हणून बायको एक दिवस माहेरी गेली ती परत आली नाही. जायचंच होतं, काहीतरी निमित्त हवं होतं तिला, असं म्हणून मीटरनं तो विषय संपवला.

मग घरात उरली तिघं: आई, ताई आणि तो. आईची नजर हळूहळू जात जात आता फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळायचा. ताईनं लग्न केलं नाही. ती खालच्या मजल्यावर पाळणाघर चालवायची. ताईचा आवाज म्हणजे एक जिना होता. वरच्या पायरीवरून हाक मारली की गल्लीच्या तोंडाशी पळालेलं पोर जागच्या जागी थांबायचं, आणि खालच्या पायरीवर उतरली की किरकिरणाऱ्या पोराचे डोळे मिटायचे. मधल्या सगळ्या पायऱ्या आईसाठी. आई त्या आवाजावरून घर बघायची. ताई ओट्यापाशी आहे की दारात, रागावली आहे की दमली आहे, हे आईला डोळे असणाऱ्यांपेक्षा आधी कळायचं. आणि सकाळी ताई तिच्या उशाशी बसून कानात काहीतरी सांगायची, तेव्हाच आईचा दिवस सुरू व्हायचा. नुसत्या उजेडावर तिचा विश्वास नव्हता.

त्या ताईच्याच घशात दुखणं निघालं. आधी खरखर, मग घास अडकणं, मग तपासण्या. डॉक्टर सरळ माणूस होता. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाला, श्वास मानेला ठेवलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल, आणि बोलणं संपेल. जीव वाचेल का, असं मीटरनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्यासाठीच तर काढायचं. घरी येताना ताई रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "मला लिहिता येईल रे. पण आईला वाचता कुठं येतंय?"

यावर उपाय मीटरनंच काढला, आणि तो काढला म्हणून त्याला स्वतःचा केवढा अभिमान वाटला. फोनमध्ये चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात एक वाक्य ठेवायचं, बोट लावलं की वाक्य वाजणार. ताईचंच वाक्य, ताईच्याच आवाजात. ऑपरेशनच्या आधी सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. त्यानं मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या, खिडकीला दुलई अडकवली आणि स्टुडिओचं रेकॉर्डर घरी आणलं. शेजारच्या इमारतीचा पंप घुमत होता, त्याला इलाज नव्हता. दरवान ते बघून घेईल म्हणून त्यानं मर्यादा थोडी वर सरकवायचं मनाशी ठरवलं. ताई खुर्चीत बसली आणि एकेक वाक्य बोलत गेली. आई, मी आले. आई, जेवायला चल. अगं, पाय पुसून ये. कोण आहे? पुरे आता. मूर्ख आहेस तू. हे शेवटचं खास मीटरसाठी होतं, आणि ते तिनं इतक्या जोरात म्हटलं की पट्टी लाल झाली.

"ताई, एका पातळीवर बोल ना," तो म्हणाला.

"मी काय लिफ्ट आहे?" ताई म्हणाली, आणि हसता हसता तिला जो खोकला लागला तो बराच वेळ थांबेना. मीटरनं रेकॉर्डरचा आवाज घेणारा नॉब खाली घेतला, तिच्या सगळ्यात मोठ्या हाकेला पुरेल इतका खाली, आणि काम पुढे चाललं.

शेवटी ताई म्हणाली, आता तू बाहेर जा. थोडी वाक्यं आहेत, ती आईच्या कानातली आहेत. तुझ्यासमोर मला बोलता यायची नाहीत. त्यानं यंत्र चालू ठेवलं आणि तो उठला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं. "नंतरही ऐकायची नाहीत. आईशपथ म्हण."

त्यानं आईशपथ म्हटलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. नॉब तसाच होता, हाकेसाठी लावलेला. इतक्या वर्षांत त्यानं अशी चूक केली नव्हती. कारण इतक्या वर्षांत कुणी त्याला खोलीबाहेर काढलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळ्या फाइली त्याच्या साखळीतून गेल्या. बाकीच्या त्यानं ऐकल्या, सुबक झाल्या होत्या. ताईनं वेगळ्या ठेवलेल्या वाक्यांपाशी त्याचं बोट क्षणभर थांबलं. नियम सांगत होता, ऐक. शपथ सांगत होती, ऐकू नकोस. तो शपथेला जागला आणि न ऐकताच ती वाक्यं फोनमध्ये भरली. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरचं कार्ड पुसून त्यावर एका लिफ्ट कंपनीचं काम घेतलं. ताईला स्वतःचा आवाज ऐकायचा कंटाळा. तिनंही चौकोन दाबून पाहिले नाहीत. भला माणूस भलेपणानंच कसा बुडतो, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मिळायचं नाही.

ताई हॉस्पिटलात होती तेवढे दिवस घरात आई आणि मीटर अशी दोघंच. तो सुट्टी घेऊन राहिला होता आणि मनापासून करत होता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल करावं. पण आई त्याच्याकडे काही म्हणजे काही मागत नसे. पाणी देऊ का, असं त्यानं दारातून विचारलं की "नको". भूक लागली का, "नाही". तो खोलीत आला की तिची बोटं पांघरुणाची कड गोळा करायची. तिला थंडी वाजत असेल म्हणून त्यानं आणखी एक पांघरूण आणून घातलं. एकदा शेजारीण डोकावून गेली आणि म्हणाली, अहो, यांचे ओठ बघा किती कोरडे पडलेत. तिनं पेला लावला तर आई घटाघटा प्यायली. मीटरला त्या दिवशी रागच आला. पोटचा मुलगा समोर असताना शेजारणीच्या हातून पाणी. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं विचारलं.

ताई घरी आली. मानेवर पट्टी, अंगावर कपडे टांगल्यासारखे, पण चालत आली. फोन हातातच होता. आईच्या दारात उभी राहून तिनं चौकोन दाबला.

"आई, मी आले."

आईनं मान वाकडी केली, जशी ती अनोळखी आवाजाला करायची. ताईनं जवळ जाऊन तिचा हात धरला, तेव्हा आई रडली, तिच्या तोंडावरून हात फिरवला, मानेची पट्टी चाचपली. सगळं झालं. पण नंतरच्या दिवसांत फोनमधून वाक्य वाजलं की आई गप्प व्हायची. ओट्यापासून "जेवायला चल", आवाज तेवढाच. शेजारून "पुरे आता", तेवढाच. दारातून "कोण आहे?", तोही तेवढाच. दाबलेली हाक आणि उचललेलं पुटपुटणं एकाच उंचीवर उभी होती. मीटरनं खपून खपून त्यांचा उंचसखलपणा घालवला होता. शेवटी आई म्हणाली, आणि ती हे कुणावर रागावून म्हणाली नाही, "त्यातून बोलू नकोस. ती बाई सारखी एकाच जागी उभी असते. तू नुसता हात लाव गं मला."

ताईनं फोन पालथा घालून ठेवला. मीटरला ते वाक्य असं लागलं की त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. स्टुडिओत त्याच्या कामाची याहून अचूक तारीफ कुणी केली नव्हती.

तरीही खरा घाव दुसऱ्या सकाळी बसला. ताईनं मन घट्ट केलं, आईच्या उशाशी बसली, फोन तिच्या कानाला लावला आणि ठेवणीतलं पहिलं वाक्य दाबलं. आई थांबली. ताईनं पुन्हा दाबलं. आवाज पूर्ण वाढवला, दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. "काय करतेस?" आई म्हणाली. ताई उठून मीटरकडे आली आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं फाइली संगणकावर उघडल्या. प्रत्येकीत एक सरळ रेघ होती, मोजपट्टीनं आखलेली. हाकेसाठी लावलेला नॉब, पंपासाठी वर सरकवलेली मर्यादा, आणि मध्ये ताईचा कानातला आवाज. पंप आणि ताई यांच्यात दरवानाला फरक कळला नाही. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

त्यानंतरचे दिवस मीटर वेड्यासारखा वागला. रेघ तो वर उचलून बघायचा, आणखी वर, शेवटापर्यंत. शून्याला कितीनंही गुणा, शून्यच. हे शाळेतल्या पोराला कळतं, पण त्यानं करून बघितलं, परत परत बघितलं. पुसलेलं खरवडून काढणारा प्रोग्राम त्यानं कार्डावर चालवला. काहीतरी सापडलं तेव्हा त्यानं हेडफोन कानांवर दाबून धरले. बाईचा आवाज होता, गोड, एका पातळीवरचा. "दार बंद होत आहे." पुढचा तुकडा, "दार बंद होत आहे." कार्डावर तेवढंच होतं. तो हेडफोन काढून टेबलावर डोकं टेकून बसला, आणि मालकानं विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला. यापुढे मूळ प्रत ठेवल्याशिवाय काही करणार नाही, असा त्यानं कानाला खडा लावला. बैल गेला आणि झोपा केला.

ताईला त्यानं स्वतःच सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. "गेली ताई. सगळी गेली. मी न ऐकता पाठवली," एवढंच.

ताईचा चेहरा लाल झाला. तिनं फोन उचलला आणि चौकोन दाबला. "मूर्ख आहेस तू," फोन म्हणाला, सौम्यपणे, एखाद्या पाहुण्याला बसा म्हणावं तसं. तिनं परत दाबला. "मूर्ख आहेस तू." परत. मानेच्या पट्टीखालून श्वास शिट्टीसारखा येत होता, आणि फोन त्याच समजूतदार सुरात मूर्ख आहेस तू, मूर्ख आहेस तू म्हणत राहिला. तिला ओरडायचं होतं, आणि तिचं ओरडणं मीटरनं दाबून ठेवलं होतं. शेवटी तिनं फोन टाकला, फडताळातला पत्र्याचा डबा उचलला आणि फरशीवर आपटला. आतल्या खोलीत आई दचकून उठली. मीटर उभा राहून सगळं ऐकत होता. डब्याचा तो आवाज लालच्याही पुढे गेला असता, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की जावा.

त्यातून निदान एक काम निघालं. जी वाक्यं शाबूत होती त्यांचा चढउतार तरी परत आणता येईल, असं मीटर म्हणाला. हाक दाबली गेली तरी तिची धार हाकेचीच राहते, तिला परत वर नेता येतं. पुटपुटणं खाली उतरवता येतं. फक्त कोणतं वाक्य किती उंच होतं, कुठं चढलं, कुठं पडलं, ते त्याला आठवत नव्हतं. वाक्यं बोलली जात असताना तो तिच्याकडे बघतच नव्हता, पट्टीकडे बघत होता. ते फक्त ताईला ठाऊक होतं. मग रोज दुपारी दोघं संगणकासमोर बसू लागली. तो वाक्य लावायचा, ताई डोळे मिटून ओठ हलवायची आणि तळवा हवेत वर-खाली न्यायची. तळवा वर गेला की तो आवाजाची रेघ वर ओढायचा, खाली आला की खाली. एका "अगं"वर अर्धी दुपार गेली. ताईला पटेपर्यंत ती नकाराची मान हलवायची; पूर्वीचा मीटर असता तर म्हणाला असता, चालतंय की. आता तो फक्त विचारायचा, अजून?

एक दिवस ताईनं ओट्यापाशी उभं राहून "पाय पुसून ये" दाबलं. आतून आई म्हणाली, "हो गं, ओरडतेस काय एवढी." ताईचे डोळे भरून आले. मीटरनं तोंड फिरवलं.

पण सकाळ रिकामीच होती. आई जागी होऊन पडून राहायची, मान थोडी उशीच्या कडेला वळवून, कान मोकळा ठेवून. ताई उशाशी बसून तिचा हात दाबायची. आई वाट बघायची, मग एक सुस्कारा टाकायची आणि म्हणायची, उजाडलं असेल. असं किती दिवस चाललं. मीटर दारातून बघायचा आणि त्याला वाटायचं की भिंतीवर डोकं आपटावं. त्याच्या हाताखाली जगातली सगळी यंत्रं होती आणि एका म्हातारीच्या कानात घालायला एक श्वास नव्हता. ताई तोंड नेईल तरी काय उपयोग, तिचा श्वास आता मानेतून बाहेर पडत होता.

मग एका सकाळी आईच म्हणाली, "तू मला काही सांगणार होतीस का गं? दवाखान्यात जायच्या आधी म्हणाली होतीस, आल्यावर सांगेन."

ताईनं दाराकडे बघितलं. मीटर जायला वळला, तर तिनं त्याला ये अशी खूण केली. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं, आईच्या कानापाशी. आईची बोटं लगेच पांघरुणाची कड गोळा करू लागली. ताईनं एका हातानं ती बोटं धरून ठेवली, दुसरा तळवा हवेत धरला आणि मीटरकडे बघून सावकाश ओठ हलवले. इतक्या दुपारींनंतर तिचे ओठ त्याला वाचता येत होते. आता आवाज त्यानं द्यायचा होता.

"आई," तो म्हणाला.

आई दचकली. ताईचा तळवा खाली आला. त्यानं परत म्हटलं, हळू. तळवा आणखी खाली. त्याला वाटलं, आता तर आपण बोलतच नाही आहोत. तळवा तरीही खाली येत राहिला, चादरीला टेकेपर्यंत, आणि त्याचा आवाज त्याच्यासोबत उतरत गेला, पट्टी हलणारही नाही इतका, त्याच्या स्वतःच्या दरवानानं हाकलून दिला असता इतका. "आई," तो म्हणाला, आणि या खेपेला आईनं कान त्याच्या ओठांकडे सरकवला.

ताईचे ओठ हलत गेले आणि तो एकेक शब्द उचलून आईच्या कानात ठेवत गेला. पुढचा शब्द काय येणार ते त्याला माहीत नव्हतं. "मी नसले तर... त्याच्याकडे... माग. पाणी माग, जेवण माग. त्याला... घाबरू नकोस."

इथं तो थांबला. त्यानं ताईकडे पाहिलं. तिनं नजर काढली नाही, तळवाही उचलला नाही. ओठ पुढे चालले होते, आणि आता ते वाचल्यावाचून सुटका नव्हती.

"तो... बाबांसारखा... ओरडत नाही, आई. त्याचा... आवाजच... तसा आहे."

हे त्याला स्वतःच्याच तोंडून कळलं. पांघरुणाची कड, कोरडे ओठ, शेजारणीचा पेला, माहेरी गेलेली बायको, सगळं एकदम त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं. डोळे गेल्यापासून आईला दारात तो दिसतच नव्हता. दारात उभं राहून रोज तिला बाप विचारत होता, पाणी पाहिजे का. त्याला रडू फुटत होतं, पण रडला असता तर आवाज चढला असता. ते त्यानं तसंच गिळून टाकलं.

कोण बोललं हे आईला ठाऊक होतं, आणि कुणाचं बोललं हेही. ताईच्या मुठीतली तिची बोटं हळूहळू सैल झाली. मग तिनं तोंड ताईकडे वळवलं आणि पूर्वीसारखी कुजबुजली.

"मग त्याला सांग ना," ती म्हणाली, "मला पाणी हवंय म्हणावं."

मीटर उठला. आणतो म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण आपला आवाज किती मोठा निघेल याचा त्याला भरवसा वाटेना. तो पाय न वाजवता ओट्यापाशी गेला आणि पेला भरू लागला.